आखूड तुळई

९ फेब्रुवारी

ही डायरी मागच्या वर्षीची आहे. नवऱ्याला ऑफिसात मिळाली, कोरीच राहिली, आणि शेवटी माझ्या पदरात पडली. वार जुळत नाहीत, ते खोडून टाकतेय. तारखा तरी खऱ्या.

लिहायला बसले कारण आज मामंजींनी भलतंच केलं. नवं सुतारकाम पाहायला आम्ही दोघं गेलो होतो, आणि मालकीणबाईंसमोर सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "या कामाची मापं, आखणी, सगळं सूनबाई बघेल. मी आहेच."

मी आ वासून बघत राहिले. या माणसाने मापाची पट्टी आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही. त्यांच्या मुलाच्याही नाही. अर्थात त्यांच्या मुलाला भुशाने शिंका येतात आणि तो परगावी टपाल ऑफिसात सुखी आहे, ही गोष्ट वेगळी. मी लग्नानंतर एकदा कामावर डबा द्यायला गेले आणि फळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून धरलं. ते अजून सोडलेलं नाही.

पण फळीचं टोक धरणं वेगळं आणि आख्ख्या कोठाराची आखणी वेगळी. वाटेत विचारलं, "मामंजी, मला जमेल?" तर म्हणाले, "न जमायला काय झालं?" हे काही उत्तर झालं नाही.

कोठार मात्र देखणं आहे. पाच खणांचं, बाहेरून काळ्या फळ्या, उतरतं मोठं छप्पर पार पडवीपर्यंत आलेलं, टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. फळ्यांवर काही भार नाही, त्या नुसत्या अंगरखा. खरं घर आत आहे: खांबांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला धरून ठेवणारी आडवी तुळई, कोपऱ्यात तिरपे आधार, वर वासे आणि आढं. लोखंडाचा खिळा एक नाही. लाकडाची जीभ लाकडाच्या खाचेत, आणि वरून लाकडाचीच मेख.

दुखणं तिसऱ्या तुळईचं आहे. छप्पर तिथे बरीच वर्षं गळत होतं. बोट लावलं तर भुगा पडतो.

१२ फेब्रुवारी

मापं घेतली. मी वर, मामंजी खाली.

या जागेचं मला आवडलं ते असं की बांधणाऱ्याने काही लपवलेलं नाही. मधला खण मळणीचा. तिथे समोरासमोर दोन उंच दारं, म्हणजे वारा आरपार जाऊन भूस उडावं आणि भरलेली गाडी एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. दोन्हीकडच्या खणांत पेंढ्या. छप्पर सतत खांबांना बाहेर ढकलत असतं आणि तुळया त्यांना आत ओढून धरतात. घराघरात असं एक माणूस असतंच, की जे काही बोलत नाही पण ते हललं की सगळे बाहेर पडायला लागतात. तिसरी तुळई सैल पडली आणि तिथले दोन्ही खांब आता चांगले वीतभर बाहेर झुकलेत.

प्रत्येक सांध्यावर पटाशीने मारलेल्या चिरा आहेत. एक चीर, दोन चिरा, फुली. लाकडं जमिनीवर कापून, जुळवून, खुणा करून मग उभी केलेली. मामंजी त्या चिरांवर अंगठा फिरवत किती वेळ उभे होते. आत शिरतानाही ते दारात थांबतात, अगदी देवळात शिरल्यासारखे. जुन्या कामाचा एवढा मान ठेवणारा माणूस मी पाहिला नाही.

मालकीणबाईंनी साफ सांगितलंय: पीक घरात यायच्या आत काम झालं पाहिजे. नाहीतर कोठार पाडून पत्र्याची शेड. शेडवाला येऊन जागा बघूनही गेला. बाईंचा स्वभाव तुसडा नाही, पण एकटीने शेती करते, तिला कौतुकाला वेळ नाही. म्हणाली, "जुनं आहे म्हणून मी त्याच्या पाया पडणार नाही. धान्य कोरडं राहिलं पाहिजे."

१५ फेब्रुवारी

काही विशेष नाही. मामंजींनी चहा ओतला तो निम्मा बशीत, निम्मा माझ्या गुडघ्यावर. लक्ष कुठे असतं कोण जाणे. मी ओरडले तर म्हणाले, "कपच लहान आहे."

२० फेब्रुवारी

आज दोन गमती. म्हणजे एक गंमत आणि एक अजिबात नाही.

गंमत अशी: आम्ही कोठारात शिरलो आणि मामंजींनी खांबाकडे बघून आदबीने "नमस्कार बाई" म्हटलं. तिथे मालकीणबाईंचा कोट अडकवलेला! जोडगोळी हसून हसून खाली बसली. (जोडगोळी म्हणजे आमच्या हाताखालचे दोघे भाऊ. थोरला बोलतो, धाकटा गुणगुणतो. दोघांची पन्नाशी उलटली तरी सगळे जोडगोळीच म्हणतात.) मामंजी पण हसले. त्यांचा विनोद हा असा, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

दुसरी: धाकट्याने मोठी पटाशी घेतली आणि परत ठेवताना रंध्याच्या पलीकडे ठेवली. मामंजी हात फिरवत राहिले, मिळेना, आणि असे भडकले की मी सुद्धा दचकले. "जागच्या जागी म्हणजे जागच्या जागी! एवढं कळत नाही?" पटाशी त्यांच्या नाकासमोर होती. धाकटा दिवसभर गुणगुणला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून असं वागणं बरं नव्हे. म्हातारपणी माणसं चिडकी होतात म्हणतात, तसं असेल.

२६ फेब्रुवारी

सुट्टी. नवरा घरी. लेकीने जेवताना जाहीर केलं, "आजोबा पुस्तक वाचून दाखवतात पण ते खोटं वाचतात. चित्रात ससा आहे आणि आजोबांच्या गोष्टीत हत्ती."

मी म्हटलं, "आजोबांना चष्मा शोधायचा कंटाळा, दुसरं काय." सासूबाई भांडी उचलून आत गेल्या.

नवऱ्याने विचारलं, "बाबा गाडी चालवत नाहीत का हल्ली?" मी सांगितलं की चालल्याने गुडघे मोकळे राहतात म्हणून कामावर चालत येतात, मीच सामान घेऊन गाडी नेते. तो काही बोलला नाही. बोलायचं नसलं की हा माणूस ताकास तूर लागू देत नाही. आईवर गेलाय.

३ मार्च

मोठा दिवस. तुळईचं लाकूड तयार झालं.

मालकीणबाईंच्या बांधावरचं एक जुनं झाड वादळात पडलं होतं. तिने ते विकलं नाही, सावलीत रचून वाळवत ठेवलं होतं. एवढं लांब, सरळ, गाठ नसलेलं लाकूड हल्ली बघायला मिळत नाही. आम्ही चारी बाजू ताशीव करून घेतल्या. लाकूड आतून मधासारख्या रंगाचं निघालं. धाकटा पुन्हा गुणगुणायला लागला.

मी वर चढून दोन खांबांमधलं अंतर पुन्हा मोजलं, म्हणजे खांब आत ओढून सरळ केल्यावर येईल ते, आणि वरून ओरडून सांगितलं. खाली मालकीणबाई उभी होती. म्हणाली, "मिस्त्री, तुमचा हात बघायला आले आणि तुम्ही तर नुसते उभेच." मग मामंजींनी पट्टी आणि पेन्सिल माझ्यासाठी न थांबता स्वतःच उचलली. रेघ मारली. काय सुंदर रेघ! मी खाली येऊन करवत धरली, पलीकडून थोरल्याने. मामंजी म्हणाले, "काप."

कापली.

आज अंग दुखतंय पण बरं वाटतंय.

४ मार्च

तुळई वीतभर आखूड आहे.

५ मार्च

काल एका ओळीपुढे लिहवलं नाही. वर नेऊन धरायच्या आधी जमिनीवरच एकदा पट्टी लावली तेव्हा दिसलं.  पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं. लाकूड काही मोजण्याने वाढत नाही.

आकडा मीच सांगितला होता. वरून ओरडून. मला अजूनही वाटतं की मी बरोबर सांगितला, पण मग रेघ चुकली कशी? मामंजींची रेघ चुकत नाही. म्हणजे माझ्या तोंडून चुकीचा आकडा गेला. आणि कापण्याआधी मी स्वतः एकदा पट्टी लावायला हवी होती, ती लावली नाही, कारण रेघ त्यांची होती.

मामंजी तुळईवर बसून होते. मी म्हटलं, "मामंजी, माझी चूक झाली." ते एवढंच म्हणाले, "होतं असं." रागावले असते तर बरं झालं असतं.

मालकीणबाई मात्र बोलली. ओरडली नाही, ते जास्त लागलं. "एवढंच एक लाकूड होतं माझ्याकडे. काम मिस्त्रींना दिलं होतं, शिकाऊ हाताला नाही." आणि मामंजींकडे वळून, "तुम्ही स्वतः मापं घेतली असती तर ही वेळ आली नसती." मामंजी खाली बघत होते. त्यांना माझ्यामुळे मान खाली घालावी लागली.

तिच्या मावसबहिणीच्या शेतावरही असंच एक कोठार आहे, ते काम आम्हाला मिळायचं होतं. ते आता कशाला मिळतंय.

६ मार्च

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "झालं काय ते मला नीट सांग. रेघ कुणी मारली?"

"मामंजींनी. पण आकडा मी सांगितला."

"आणि ते काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. होतं असं, म्हणाले."

सासूबाईंनी डाव असा आपटला की लेक घाबरून माझ्याकडे आली. मग मामंजींना जेवायला वाढलं ते एक अक्षर न बोलता. माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्यांवर कशाला काढायचा? मला सरळ बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं.

झोप नाही. डोळे मिटले की तो आकडा ऐकू येतो, माझ्याच आवाजात, दर वेळी वेगळा.

८ मार्च

नवऱ्याला फोनवर म्हटलं की मी हे काम सोडते, शिवणाचं बघते. तो मग म्हणाला, "बाबांशी बोल." मी म्हटलं, "कुठल्या तोंडाने?" तो म्हणाला, "त्यांना बोलायला लाव मग."

९ मार्च

आज सकाळी मामंजी म्हणाले, "चल, वर चल." पहिल्या तुळईजवळच्या परांचीवर आम्ही दोघं चढलो. जोडगोळी सामान आणायला गेली होती. ते तुळईवर हात फिरवत सरकत गेले आणि एका जागी थांबून माझा हात धरून तिथे ठेवला.

"इथे बघ."

काळ्या धुरकट लाकडावर एक तिरपी, केसासारखी रेघ. मी ती मापं घेताना पाहिलीच नव्हती, जाळी आणि धूळ भरली होती. बोटाने साफ करत गेले तर रेघ हातभर लांब गेली, मग वळली, मध्ये दोन पाचरी, चार मेखा. सांधा! इतका नेटका की तुळई एकसंध वाटावी.

"ही एका लाकडाची नाही?"

"नाही. मी तुझ्याहून लहान होतो तेव्हा माझ्या वडिलांबरोबर इथे छपराचं काम केलं होतं. त्यांनी दाखवलं मला."

"लाकूड पुरलं नसेल."

"पुरलं होतं. दोन्ही तुकडे एकाच झाडाचे आहेत, रेषा बघ, इकडून तिकडे चालू राहतात. कापल्यावर जोडलंय. कुणीतरी आखूड कापली होती."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, "म्हणजे त्या काळीही माझ्यासारखं कुणीतरी होतंच."

 खाली दाराशी कोंबडी माती उकरत होती तिचा आवाज येत होता.

"तुझ्यासारखं नाही," ते म्हणाले. "माझ्यासारखं."

मला कळलं नाही.

"तू आकडा बरोबर सांगितला होतास. मी ऐकला, लक्षात ठेवला, आणि पट्टीवर बघितलं तर तिथे आकडाच नव्हता. नुसता डाग. जिथे बघावं तिथे डाग. बाजूचं दिसतं, बघतो तेच दिसत नाही. बाई उभी होती, तुम्ही सगळे उभे होतात. विचारायची लाज वाटली. अंदाजाने रेघ मारली."

मी खाली उतरले. शिडीच्या पायऱ्या पाहिल्या नाहीत की काही नाही. गाडी तिथेच ठेवून घरी चालत आले.

१० मार्च

आज कामावर गेले नाही.

११ मार्च

आजही नाही.

डोळे गेले त्याचा मला राग नाही. ते तर कुणाच्याही हातात नसतं. पण मी त्यांच्यासमोर "माझी चूक झाली" म्हणाले आणि त्यांनी ती माझ्या पदरात राहू दिली. बाई बोलली तेव्हा खाली बघत राहिले. मी समजले लाजेने. लाजेनेच होतं, पण कुणाच्या!

आणि चहा, कोट, पुस्तकातला हत्ती. दारात थांबणं, ते अंधाराला डोळे सरावायला. देवळात शिरल्यासारखे म्हणे! मी तर डोळस होते ना?

संध्याकाळी सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. गुडघे धरून बसायला त्यांना वेळ लागतो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"आणि ह्याला, तुमच्या मुलाला?"

"त्याला अंदाज होता. मी सांगितलं नाही."

"मला सोडून सगळ्यांना!"

"तुलाच नको म्हणाले हे," सासूबाई म्हणाल्या. "तुला कळलं तर तू त्यांना हाताला धरून चालवशील. शिडीवर चढू देणार नाहीस. बाकी कुणी काही म्हटलं तरी त्यांना फरक पडत नाही गं, पण तुझ्यासमोर त्यांना मिस्त्री राहायचं होतं."

"म्हणून मला चोर ठरवायचं?"

"नाही. ते वाईटच केलं. मी त्यांना तसं सांगितलंय. चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी, आपटआपट करून हात दुखायला लागला माझा." मग, "तू किती दिवस बोलणार नाहीस?"

मी म्हटलं, "ठरवलं नाही."

"ठरव. पीक थांबणार नाही."

१४ मार्च

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हाताला धरलं नाही, मुद्दाम. पुढे चालत होते आणि दाराच्या काचेवर आपटले तेव्हा मात्र धरलं. डॉक्टरीणबाई तरुण आहे, समजावून सांगते. मधली नजर गेलेली परत येणार नाही. कडेची राहील. चालता येईल, फिरता येईल, वाचता येणार नाही, समोरच्याचा चेहरा दिसणार नाही.

परत येताना मामंजी म्हणाले, "मालकीणबाईंना मी सांगतो."

मी म्हटलं, "सांगा."

१८ मार्च

अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी तोंड उघडतात, बाई कोंबड्यांना दाणे टाकत असते, आणि हे हवेबद्दल बोलून परत येतात. मी काही म्हणत नाही. मी सांगून टाकू शकते, पण मी सांगणार नाही. ती रेघ त्यांनीच ओढायची आहे.

काम मात्र चाललंय. पहिल्या तुळईतला सांधा मी साफ करून पूर्ण कागदावर उतरवून काढला, आमची तुळई तशीच जोडायची म्हणून. दोन दिवस त्याच्याखाली उताणी पडून होते. ज्याने तो केला त्याला तुळई खेचली जाणार हे पक्कं माहीत होतं, म्हणून दोन्ही तुकडे एकमेकांत हुकासारखे अडकवलेत. जितकं ओढाल तितकं घट्ट. आणि सांधा मधोमध नाही, कडेच्या तिरप्या आधाराच्या वर आणलाय. आपली चूक कुणाच्या खांद्यावर ठेवायची हे त्याला बरोबर कळत होतं.

झाडाचा कापून उरलेला भाग होताच. आमच्या तुळईचं एक टोक आणखी कापावं लागलं. आधीच आखूड असलेलं लाकूड आणखी आखूड करताना थोरल्याने तोंड फिरवलं. मामंजी शेजारी बसून जोडाच्या पृष्ठावर बोटं फिरवत सांगत होते, इथे फुगवटा आहे, इथे घे. त्यांची बोटं चुकत नाहीत. मी कापण्याआधी आता पट्टी दोनदा लावते, आणि दुसऱ्या वेळी आकडा मोठ्याने बोलते. ते मान हलवतात. सवय लागतेय दोघांनाही.

२ एप्रिल

तुळई बसली. 

सकाळी छप्पर टेकूंवर घेतलं. जुनी तुळई तुकड्यातुकड्याने काढली. तिच्या जागी दोन खांबांना बांधून ठेवणारी फक्त एक साखळी. एवढं मोठं छप्पर आणि खाली साखळी! कोठार करकरत होतं, झोपेत कूस बदलावी तसं. मालकीणबाई दारात उभी. आत येऊ नका म्हटलं तर म्हणाली, "माझं आहे ते."

नवी तुळई कप्पीने वर नेली. बेत असा: साखळी जरा सैल करायची, एक खांब किंचित बाहेर जाईल, तुळईच्या टोकाची जीभ खांबाच्या खाचेसमोर आली की साखळी ओढायची, म्हणजे जीभ आत. मी वर परांचीवर खाचेपाशी. जोडगोळी साखळीवर. मामंजी त्यांच्याजवळ, नेहमीप्रमाणे हुकूम द्यायला. तेवढं मी त्यांच्याकडे राहू दिलं होतं. वाटलं, राहू दे.

साखळी सैल झाली. खांब गेला. तुळई सरकली, लाकडाला लाकूड लागल्याचा तो भरीव आवाज आला, आणि मामंजी म्हणाले, "बसली. ओढा!"

पण बसली नव्हती. जीभ खाचेच्या ओठावर टेकली होती. मला दिसत होतं. ओढलं असतं तर जीभ चिरडली असती, आणि मग दुसरं लाकूड कुठून आणणार?

"थांबा!" मी ओरडले. "ओढू नका!"

मामंजी पुन्हा म्हणाले, "ओढा, आवाज आला मला."

"आवाज खोटा आहे. ओढू नका."

थोरल्याचे हात साखळीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं. छप्पर करकरलं. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, कुणाचं ऐकायचं?"

मामंजींनी साखळीवरचा हात काढला. "जिला दिसतंय तिचं," ते म्हणाले. मग दाराकडे तोंड करून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मला दिसत नाही. बाई, तुमची तुळई मी आखूड कापायला लावली. तिने आकडा बरोबर सांगितला होता. शिकाऊ हात माझा होता."

 मग मालकीणबाईचा आवाज आला, "ते खाली आल्यावर बोला. आधी ती वर लटकतेय तिचं बघा!"

मी सांगत गेले. तुळई दोन बोटं वर. थांबा. आणखी जरा. माझ्या बाजूने डावीकडे. आता साखळी, हळू. हळू म्हटलं ना! जीभ खाचेच्या तोंडाशी आली, आत शिरली, आणि मग असा आवाज आला की पहिल्या आवाजाला आवाज म्हणायची लाज वाटावी. सगळं कोठार एकदा हुंदका दिल्यासारखं हललं आणि गप्प झालं.

मेखा मी स्वतः ठोकल्या. जिवात जीव आला तेव्हा दिसलं की मामंजी शिडी चढून माझ्याजवळ आलेत. कुणी त्यांना अडवलं नव्हतं, मीही नाही.

"आता खरं सांग. फट आहे?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांना कुठे दिसणार होती. "आहे," मी म्हटलं. "वरच्या अंगाला. नखाएवढी."

"कुणाच्या नखाएवढी?"

मी त्यांचा अंगठा धरून फटीत टेकवला. नख आत गेलं. ते नाक मुरडून म्हणाले, "एवढी?" आणि जरा वेळाने, "चालेल. लाकूड आहे, आरसा नाही."

खाली मालकीणबाई चहा घेऊन उभी होती. पहिला कप तिने माझ्या हातात दिला.  मामंजींना म्हणाली, "इतके दिवस माझ्याशी हवेबद्दल बोलत होतात ते हे होय!"

३ एप्रिल

बारा तास झोपले. सासूबाईंनी लेकीला सांगून ठेवलं होतं की आईला उठवलंस तर बघ.

२१ एप्रिल

कोठार भरलं. मालकीणबाईची पहिली गाडी या दाराने आत गेली, त्या दाराने रिकामी बाहेर आली. मी वर बघत उभी होते. पेंढ्या रचल्या तसा खांबांवर भार आला, थोडं करकरलं, पण ओळंबा लावून पाहिला तर खांब हलले नव्हते. शेडवाल्याला तिने काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्याने आज विचारलं, "बाबांशी बोलतेस ना आता?" मी म्हटलं, दिवसभर तेच तर करते. राग पूर्ण गेलाय का? नाही. अधूनमधून येतो, विशेषतः ते "होतं असं" आठवलं की. आता ते तसं म्हणत नाहीत. म्हणायला लागले की मध्येच थांबतात.

५ मे

मालकीणबाईच्या मावसबहिणीकडे जाऊन आलो. माणूस पाठवून बोलावलं होतं. निरोप असा की "त्या सुतारबाईला पाठवा, आणि सासऱ्यांनाही आणा." मामंजींना क्रम खटकला असेल, पण चेहऱ्यावर दिसलं नाही.

हे कोठार आधीच्याहून मोठं आणि वाईट अवस्थेत. एका टोकाचं छप्पर बसलंय, पडवीत झाड उगवलंय. आत गच्च अंधार. मामंजी दोन पावलं आत आले, खांबाला हात लावला आणि तिथेच एका उलट्या टोपलीवर बसले. मला वाटलं दमले.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"काय दिसतंय ते."

मी भराभरा सुरू केलं. सात खण आहेत, आढं मधे बसलंय, चौथी तुळई तुटलीय, आधार दोन ठिकाणी नाहीतच, खूप काम आहे मामंजी, हे काही आपल्याच्याने...

त्यांनी हात वर केला. टोपलीवर नीट सरसावून बसले, काठी बाजूला ठेवली, डोळे मिटून घेतले. गोष्ट ऐकायला बसतात तसे.

"घाई नको," ते म्हणाले. "दारापासून सुरू कर."

मी परत दाराशी गेले, उंबऱ्यात उभी राहिले, अंधाराला डोळे सरावू दिले. मग सांगायला लागले.